पुढचा उजवा खांदा

"आण्णा, देव जड झाला," शिदू गुरव म्हणाला आणि पालखीचा दांडा सोडून मटकन खाली बसला.

दसऱ्याची दुपार कलली होती. भैरोबाच्या देवळापुढं चांदीची नवी पालखी उन्हात नुसती लखलखत होती आणि तिच्याभोवती आठ म्हातारे धापा टाकत होते. तीनदा उचलून बघितली होती त्यांनी. पहिल्यांदा गुडघ्यापर्यंत आली, दुसऱ्यांदा जेमतेम वीतभर, तिसऱ्यांदा जागची हलली नाही. सात जणांनी अंग काढून घेतलं. आठवे माझे सासरे, केरबा आण्णा. गाव त्यांना आण्णा म्हणायचं, मी मामा म्हणायचे. ते पुढच्या उजव्या बाजूला दांड्याखाली खांदा घालून तसेच वाकून उभे होते. कुणीतरी येईल, पुन्हा हात लावील, अशी आशा असावी.

"मामा, सोडा आता," मी पारापासनं म्हणाले.

"तू गप ऱ्हा शालन."

मी गप्प राहणाऱ्यातली नव्हेच, पण त्या वेळी राहिले. कारण मला मनातून वेगळंच वाटत होतं. मला वाटत होतं, नकोच उठू दे ती पालखी. त्या एका खांद्यापायी माझा संसार दोन मुलखांत फाटून पडला होता.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल काय बाई आहे, देवाचं असं चिंतते.

आमचं हिवरखिंड खानापूर-आटपाडीकडचं. पाऊस आला तर आला. बाजरी होते, हुलगे होतात, मेंढरं जगतात आणि माणसं जगायला बाहेर जातात. सेलम, विजयवाडा, कोईमतूर. तिथल्या सराफ पेठांत आमच्या लोकांची गलाईची दुकानं. गलाई म्हणजे जुना दागिना, सोनाराच्या दुकानातला झाडलेला केर, सगळं मुशीत घालून वितळवायचं आणि त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं करून द्यायचं. दिवसभर आगीपुढं बसायचं काम. आमच्या गावातून सेलमला पहिल्यांदा कोण गेलं असेल तर माझे सासरेच. एकटे गेले, दोन वर्षांनी आले ते पांढरंधोट मलमल घालून, आणि जाताना चार पोरं घेऊन गेले. त्या चौघांनी आपले भाऊ नेले, भावांनी मेहुणे नेले. बघता बघता मिसरूड फुटलेला पोरगा गावात औषधाला सापडेना.

पैसा मात्र आला. खोटं कशाला बोलू, धो धो आला. धाब्याची घरं पाडून बंगले झाले. आत गुळगुळीत फरशी, वर पाण्याची टाकी, दाराला पितळी कडी आणि कडीला कुलूप. बँक गावात आली, पण रांगेला माणूस नाही. शाळेला नवी इमारत झाली, वर्गात बसवायला पोरं कुठनं आणायची. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तो आमच्या आख्ख्या गावाला लागू पडायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळी आमच्या आळीत घराघरातनं धूर निघायचा. भाकरी थापल्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा. कुणाच्या घरी काय कालवण शिजतंय ते अंगणात उभं राहून वासावर सांगता यायचं, आणि त्यावरनं भांडणंसुद्धा व्हायची. काय सुंदर भांडायच्या आमच्या बायका. मग एकेक चूल थंड होत गेली. शेवटी त्या आळीत दोन टोकांची दोन घरं सोडली तर मामा, मी आणि माझी लेक नयना एवढेच उरलो. सासूबाई नयनाच्या जन्माआधीच गेल्या होत्या.

आमचे हे सेलमला. वर्षातनं एकदा, चैताच्या जत्रेला यायचे. ते दारात दिसले की नयना आत पळत येऊन सांगायची, "आई, पाव्हणं आलं." सगळे हसायचे. मीही हसायचे आणि मग चुलीपुढं बसून डोळे पुसायचे. धूर गेला म्हणून सांगायचं. पोरीला बाप कळावा, मला नवरा असावा, यात काय वावगं मागत होते मी?

पण मामा हलत नव्हते आणि त्यांना एकटं टाकून मी कशी जाणार? बाईमाणसाच्या हातचं खायची सवय, साधा चहा करता येत नव्हता त्यांना. त्यांचं न हलण्याचं कारण एकच, खांदा. भैरोबाच्या पालखीला आठ खांद्यांचे आठ मान. पुढचा उजवा आमच्या घराचा आणि तो सगळ्यांत पहिला. दसऱ्याला देव शिवेबाहेर आपट्याला भेटायला जातो. त्या दिवशी ज्या घरचा खांदा लागला नाही त्याचा मान गेला, तो दुसऱ्या भावकीला. आणि दसरा-दिवाळी म्हणजे तर सोन्याच्या धंद्याची सुगी. चैताला सगळी पोरं येतील, दसऱ्याला एक येणार नाही. म्हणून मामा हातीपायी धड असताना दुकान ह्यांच्या हवाली करून गावात येऊन राहिले होते. "मी हाय तवर खांदा चुकायचा न्हाई," म्हणायचे. आणि खांदा चुकत नाही तोवर मी चुलीपुढनं हलायची नाही, हे त्यात आलंच.

त्या वर्षी चैतात बाहेरगावच्या मंडळींना भक्तीचं भरतं आलं होतं. जुनी पालखी सागवानी, हलकी, म्हाताऱ्यांच्या खांद्याच्या सवयीची. सेलमवाल्यांनी ठरवलं, तिला चांदीनं मढवायची. विजयवाडावाल्यांना कळलं, ते म्हणाले दांडा आमचा. दांड्यावर चांगला जाडजूड पत्रा चढला. कोईमतूरवाले मागं राहतील होय? त्यांनी दोन्ही बाजूंना चांदीचे सिंह बसवले आणि वर छत्री दिली. मग सेलमवाल्यांना आपलं कमी पडल्यासारखं वाटलं, त्यांनी खालची बैठक भरीव केली. रोज चांदी गाळणारी माणसं ती, तुमच्याआमच्या घरात बाजरी तशी त्यांच्या घरात चांदी. जत्रेला पालखी निघाली तेव्हा दांड्याखाली घुसायला पोरांची झुंबड. एक दमायच्या आत दुसरा आत शिरायचा. फुलासारखी नाचवली त्यांनी. गुलालात कोण कुणाचं ते ओळखू येत नव्हतं. नयनाला कडेवर घेऊन मीही नाचले. तेव्हा वजन कुणाच्या ध्यानात येणार? जत्रा झाली, पोरं गाड्या भरून गेली. पालखी राहिली आणि आम्ही राहिलो.

तीच पालखी आता जमिनीला चिकटून बसली होती.

आमच्याकडं पूर्वापार एक समजूत आहे. पालखी जड लागली म्हणजे देव रुसला. मग कौल लावायचा आणि काय चुकलं ते विचारायचं. शिदूनं आत जाऊन गाभाऱ्यातल्या मूळ मूर्तीच्या छातीला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर रुसला, डावी पडली तर नाही. म्हातारे हात जोडून गाभाऱ्याकडं बघत बसले. बराच वेळ झाला, एकही कळी पडेना.

"बोलत सुदिक न्हाई," शिदू बाहेर येऊन म्हणाला. "लई राग आलेला दिसतोय."

"दिस मावळायच्या आत शीव वलांडाय पायजे," मामा म्हणाले. "न्हाईतर गाव वसाड पडतंय."

"आनि काय वसाड पडायचं ऱ्हायलंय आण्णा?"

हे हौसाक्का बोलली. आमच्या आळीच्या तोंडाशी राहायची. नवरा कधीच वारलेला, दोन्ही पोरं विजयवाड्याला. तिच्या जिभेला सगळा गाव भ्यायचा. मामा तिला धाकट्या बहिणीसारखं मानायचे, पण त्या दिवशी त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "चल. सेलमला फोन लाव."

बँकेतला सोडला तर गावात फोन आमच्याच घरी होता. हे दुकानातच सापडले. मागं भट्टीच्या पंख्याची घरघर, कुणी तमिळमध्ये हुज्जत घालतंय, असा सगळा गलका. मामांनी सगळं सांगितलं. पलीकडं जराशी कुजबुज झाली आणि मग हे एवढ्या मोठ्यानं बोलले की मला दारात ऐकू आलं.

"आण्णा, हितल्या आपल्या गावकरी मंडळातली चार मानसं दुकानातच हायती. देवाला सांगा, चुकलं असंल तर पदरात घे. येत्या चैताला पालखीवर सोन्याचा कळस चढीवतो. शब्द दिला म्हनावं."

मामांचा चेहरा एकदम निवळला. मी पुढं झाले आणि फोन हातात घेतला.

"कळस कशाला? दुखणं रेड्याला आन् डाग पखालीला? आधी उचलाय मानसं पाठवा."

"शालन, शीजन हाय. हितं मराय येळ न्हाई."

"मग तितनंच उचला," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मामा खाटेवर बसले होते. मला वाटलं आता माझ्यावर घसरणार. पण ते आपला उजवा खांदा चोळत बसून राहिले. सदरा सरकला होता, खांद्यावर लालभडक वळ उठला होता.

"मामा," मी म्हणाले, "देवबिव काय रुसला न्हाई. चांदी जड झालीया. तुमी जलमभर चांदी जोखली, तुमाला कळंना व्हय?"

"कळतंय की." ते अगदी हळू बोलले. "पैल्यांदा खांदा लावला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? पोरांनी हौसंनं दिल्याली चांदी. ती आईबापास्नी पेलंना, आसं सांगू? त्यापरास देव रुसला म्हनल्यालं बरं."

पण मी माझा हट्ट सोडणारी नव्हे.

"देव तर जड झाला न्हाई न्हवं? पालखीतला मुखवटा बाहीर काढा. पालखी ऱ्हाऊ दे देवळात. देवाला हातावर घेऊन जावा शिवंवर."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी काय बोलले ते मलाही कळलं होतं आणि त्यांनाही.

"पालखी न्हाई तर खांदा न्हाई," ते म्हणाले.

"व्हय."

"खांदा न्हाई तर मान न्हाई. मग म्या हितं कशापायी ऱ्हायचं?"

मी खुंटीवरचं उपरणं काढून त्यांच्यापुढं धरलं.

"खरं सांग शालन. तुला सेलमला जायाचंय म्हनून म्हनतीस, का देवासाठनं म्हनतीस?"

"दोनीसाठनं," मी म्हणाले.

दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, असं मला अजून वाटतं. ते उठले, मोरीत जाऊन पाय धुतले, डोक्याचा पटका सोडला, झटकला, पुन्हा बांधला आणि देवळाकडं चालू लागले. मी दारात पाण्याची घागर भरून ठेवली आणि मागनं निघाले.

देवळापुढं पोचल्यावर ते कुणाशीच बोलले नाहीत. सरळ पालखीत हात घातला आणि देवाचा मुखवटा उचलला. पंचधातूचा, भारी. शेंदूर, मिशा, डोळ्यांत काळी बाहुली. त्यांनी तो उपरण्यात घेतला आणि छातीशी धरला. बाकीचे म्हातारे उठून उभे राहिले. एक म्हणाला, "आण्णा, पालखीबिगर देव?" मामा म्हणाले, "देवाला पालखी लागत न्हाई. आपल्याला लागत हुती." आणि वाजंत्र्याला म्हणाले, "वाजीव रं." आमचा वाजंत्री तरी कसला, एक सनई आणि एक हलगी, दोन्ही वाजवणाऱ्यांचे दात पडलेले.

निघालो. पुढं मामा, मागं म्हातारे, त्यांच्यामागं आम्ही बायका आणि शाळेतली मूठभर पोरं. जेमतेम हौसाक्काच्या दारापर्यंत आलो आणि मामांचे पाय लटपटायला लागले. दुपारपासून तीनदा ते धूड उचलून बघितलं होतं त्यांनी. हौसाक्का पुढं पळाली होती, दारात तांब्या घेऊन उभी. देव दारात आला की ज्याच्या हातात देव त्याच्या पायावर पाणी घालायचं, ही आमची रीत. तिनं पाणी घातलं. मग तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि हात पसरले.

"द्या हिकडं आण्णा."

शिदू गुरव मध्ये आला. "हौसाक्के, बायकांनी देव—"

"माझी दोन पोरं गेल्यात इजयवाड्याला. त्यांचा खांदा कोन देनार, तू?"

शिदू बाजूला झाला. मामांनी देव तिच्या हातांवर दिला. तिनं तो लेकरासारखा कडेवर घेतला आणि चालायला लागली, तरातरा. हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आपल्या दारापासून आमच्या दारापर्यंत तिनं देव आणला. मी पुढं जाऊन दारात थांबले होते. तिच्या भेगाळलेल्या पायांवर पाणी घातलं. तिनं काही न विचारता देव माझ्या हातांत ठेवला.

"सुताराच्या दारापतूर ने," म्हणाली.

आमच्या घरापासून दगडू सुताराचं घर म्हणजे सबंध आळी. मध्ये सगळे बंगले. देव माझ्या छातीशी, त्याचा धातू हौसाक्काच्या अंगानं कोमट झालेला. मी चालले होते आणि दोन्ही बाजूंनी कुलपं. हा पाटलांचा बंगला, निळा रंग, इथं पूर्वी इंदूवहिनी दारात बसून डाळ निवडायच्या. हा शिवराम मास्तरांचा, यांच्या ओट्यावर आम्ही शेवया करायचो. ज्याच्या त्याच्या दारात देव थांबायचा ही रीत, पण पाणी घालायला कुणी नाही तर थांबायचं कुठं? एकाही दारात थांबता आलं नाही. मला वाटत होतं आपण काही फार चालत नाही, पण हात भरून आले. पुढं सुताराची म्हातारी तांब्या घेऊन उभी दिसली तेव्हा केवढा धीर आला, सांगता येत नाही.

तिनं घेतला, पुढं तिच्या नवऱ्यानं, दगडूनं घेतला, मग धनगराच्या सुनेनं. ज्याचं घर उघडं त्यानं आपल्या दारापासून पुढच्या उघड्या दारापर्यंत न्यायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपसूक तसं झालं. सूर्य डोंगराला टेकायच्या आत देव शिवेबाहेर आपट्याखाली बसला. मामा सगळ्यांच्या पुढं चालत होते, रिकाम्या हातांनी. पानं वाटली, भेटाभेटी झाल्या. माझ्या हातात पानं देताना ते म्हणाले, "दिवाळी झाली की आवरायला घे."

"आन् तुमी?"

"म्या बी येतो. आता हितं माझं काय काम हाय?"

ज्याच्यासाठी वर्षं काढली ते मिळालं होतं. नाचायला पाहिजे होतं मी. पण ते ज्या आवाजात बोलले तो ऐकून मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, तोंडाला पदर लावून रडले. हौसाक्कानं पाठीवरनं हात फिरवला. "जा बाय," म्हणाली. "पोरीचा बाप पाव्हणा नगं."

दिवाळीचा पाडवा झाला आणि आम्ही निघालो. दारं-खिडक्या लावल्या, चुलीतली राख काढली, तुळशीला हौसाक्का पाणी घालीन म्हणाली. कुलूप मामांनीच लावलं. दोनदा ओढून बघितलं.

सेलमला मी सुखात होते, हे सांगितलंच पाहिजे. दुकानावरच दोन खोल्या होत्या. नयना तिथल्या शाळेत जायला लागली, तमिळ बडबडायला लागली. आठ दिवसांतच तिनं ह्यांना पप्पा म्हणायला सुरुवात केली. ह्यांनी त्या दिवशी सगळ्या पेठेत पेढे वाटले, लोकांना वाटलं मुलगा झाला. संध्याकाळी आमच्या गल्लीत आमच्याच गावच्या बायका जमायच्या. इंदूवहिनी तिथंच, मास्तरांच्या सुना तिथंच. मासवडी कुणाच्या घरी झालीय ते वासावर कळायचं आणि भांडणंही व्हायची. हिवरखिंड म्हणाल तर तिथंच होतं, नुसती जमीन दुसरी होती.

मामाही रमल्यासारखे दिसत होते. दुकानात खुर्ची टाकून बसायचे. जुनी तमिळ गिऱ्हाइकं त्यांना ओळखायची, वाकून नमस्कार करायची. जेवायचे नीट, झोपायचे नीट. फक्त कुणी गावाहून आलं की त्याला विचारायचे, हौसा कशी हाय, सुताराची म्हातारी हाय का, धनगराचं पोरगं गेलं का कुठं. गेलं म्हटलं की मान हलवायचे आणि पुढचं विचारायचे.

पुढच्या दसऱ्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून होते. जेवायलाही वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यावर शिदूनं तिथनं फोन केला. मामा धावत आले आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

"निगाला का देव? ... हातावरच? ... बरं झालं. कुनी कुनी घेतला?"

मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. गर्दीचे दिवस म्हणून मी दुकानात मदतीला उतरले होते, चिमट्यानं मूस धरून उभी होते, ह्यांनी दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आलं नाही.

"आपल्या दारात कोन हुतं मग?" मामांनी विचारलं. पलीकडनं काहीतरी उत्तर आलं. "आसं का," म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हनला शिदू?" मी विचारलं.

"हौसा आपल्या दारापतूर आली. थांबली म्हनं जरा वेळ. पायावर पानी घालाय कुनी न्हवतं." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "मग तशीच पुढं गेली. सुताराचं दार येईस्तवर. मधी दोनदा बसली म्हनं. देव मांडीवर घेऊन."

आळीतली ती सगळी कुलपं मला दिसली. त्यात आता आमचंही एक होतं.

रात्री ते जेवले, नयनाला गोष्ट सांगितली, झोपले. सकाळी मी तिला शाळेत सोडून आले तर मामा पटका बांधून, पिशवी भरून जिन्याच्या तोंडाशी बसलेले. हे पुढं उभे राहून त्यांची समजूत घालत होते. तिथं करणार कोण, आजारी पडला तर बघणार कोण, आता मानही नाही आणि खांदाही नाही, मग कशासाठी. मामा सगळं ऐकून घेत होते. मी आले तसे माझ्याकडं वळले.

"दसरा तर झाला की मामा," मी म्हणाले. "आता वरसानं."

"वरसानं का हुईना, दार उगडं पायजे." त्यांनी पिशवी उचलली. "हौसाला लांब पडतंय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी अडवीन म्हणून. मी आत गेले आणि त्यांच्या वाटेसाठी दशम्या करायला पीठ मळायला घेतलं.